कोरडवाहू बाग

सोलापुरात मे महिन्यात कुठे हिरवीगार लॉन दिसली की मला आधी बोअरची मोटार ऐकू येते. पहाटे पाचच्या सुमारास नव्या वसाहतींकडे फिरायला गेलं की कंपाउंडच्या आतून ती घरघर आणि फवाऱ्यांची सळसळ कानावर पडते. तासाभरात ऊन चढतं, आणि त्या पाण्यातलं काही मुळांपर्यंत पोचायच्या आतच उडून जातं. याच शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तेही शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून. पाण्याचा वार असेल त्या दिवशी इथली बाई लग्नकार्याला जात नाही, गेलीच तर अक्षता पडल्या की निघते.

हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच लिटर हा हातचं राखून केलेला अंदाज झाला. हजार चौरस फुटांचं अंगण म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. रोजचे साडेचारशे लिटरच्या वर, महिन्याचे चौदा हजार. दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर जवळजवळ अर्धा, तोही फक्त गवताला पाजायला.

मंगळवेढ्याकडचे आमचे आण्णा एकदा एका नातलगाच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला आले होते. माणूस जन्मभर कोरडवाहू ज्वारी पिकवलेला. जेवण झाल्यावर पानाला चुना लावत अंगणातल्या लॉनकडे बराच वेळ बघत बसले. मग मला हळूच म्हणाले, "काय गं पोरी, एवढी हरळी पोसलीया, अन् म्हस कुटं बांधलीया?"

मी हसले, पण आण्णा चेष्टा करत नव्हते. हरळी खणून काढण्यात त्यांची उभी हयात गेली. काळ्या रानात ती हातहात खोल जाते, एक कांडी मागे राहिली तरी वर्षात वाफा भरून टाकते. ती पैसे देऊन कुणी आणावी आणि पाणी घालून वाढवावी, हे त्यांच्या बुद्धीला झेपत नव्हतं. खरं तर हरळीच असती तर मी काही बोलले नसते. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. उन्हाळ्यात ती वाळून मातीच्या रंगाची होते, खाली कांड्या जिवंत ठेवते आणि वळवाच्या पहिल्या सरीला हिरवी फुटते. मधल्या काळात तिला तिच्या नशिबावर सोडायचं, एवढंच. पण रोपवाटिकेतून गुंडाळ्या करून येतं ते गवत वेगळं, मऊ आणि लाडावलेलं, आणि त्याला वाळायची परवानगी नसते.

ही परवानगी नाकारली कुणी? लॉनची कल्पना ज्या देशातून आली त्या देशाचा पाऊस बघावा. लंडनला वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे. म्हणजे आकड्यात फारसा फरक नाही, आणि तरीही सगळा फरक आहे. तिथे तो बारा महिने रिमझिमत राहतो, ऊन कोवळं असतं, गवताची तहान आभाळच भागवतं. आमच्याकडे तेवढाच पाऊस चाळीसेक दिवसांत उरकतो, आणि उरलेलं वर्षभर सूर्य त्याच्या तिप्पट पाणी ओढून न्यायला टपलेला असतो. तिथल्या साहेबाने आपलं अंगण इथे आणलं तेव्हा पाणी घालायला त्याच्याकडे भिस्ती होता, माळी होता. साहेब गेला, भिस्ती गेला, अंगण मात्र बिल्डरच्या रंगीत पत्रकात अजून आहे. त्या पत्रकात कायम जुलै महिना असतो.

२०१६ चा एप्रिल मराठवाडा विसरणार नाही. १२ तारखेला पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. वाद होता मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा. टीव्हीच्या एकाच बातमीपत्रात आधी लातूरच्या फलाटावरची ती गाडी दिसायची आणि मग वानखेडेचं हिरवंगार मैदान. क्रिकेटचं मैदान साधारण पंधरा-वीस हजार चौरस मीटरचं धरा. वरचाच हिशेब लावला तर लातूरची ती अख्खी गाडी एका मैदानाला आठवडाभरही पुरली नसती.

यावर लगेच कुणीतरी म्हणतंच, "मग उसाचं काय? ते बोला आधी." बरोबर आहे. ज्या जिल्ह्यात पाऊस पाचशे मिलिमीटर, तिथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पिणारं पीक, आणि त्यावर साखर कारखान्यांची रांग. त्या घासापुढे माझ्या-तुमच्या अंगणाचं पाणी म्हणजे शिंतोडा. हे मी मान्य करते आणि तरीही अंगणाचा विषय सोडत नाही. उसामागे निदान कुणाचं तरी पोट आहे, कर्ज आहे, राजकारण आहे. तो प्रश्न माझ्या एकटीच्या हातात नाही. अंगण आहे. आणि उसाकडे बोट दाखवून आपला फवारा चालू ठेवणाऱ्यांची मला आताशा गंमत वाटेनाशी झाली आहे.

मग लावायचं काय? सोलापूरसारख्या ठिकाणी बाग म्हणजे काय असू शकतं, हे मी रोपवाटिकेपेक्षा रस्त्याकडेला जास्त शिकले. अक्कलकोट रस्ता, तुळजापूर रस्ता, कुठल्याही बाजूला शहराबाहेर पडा आणि वर्षभर नुसतं बघत जा. आपण ज्याला उन्हाळा म्हणून नाक मुरडतो तोच इथल्या झाडांचा फुलायचा हंगाम आहे. फाल्गुनात पळस अंगावरचं पान न् पान टाकतो आणि मग पेटतो. मैना, बुलबुल, शिंजीर, खारी सगळ्यांची तिथे पंगत. त्याच सुमाराला माळावर नेपती फुलते. हे झुडूप मला फार आवडतं. त्याला पानं जवळजवळ नसतातच. पानं ठेवली तर पाणी उडणार, म्हणून अन्न तयार करायचं काम त्याने हिरव्या काड्यांवर सोपवलं आहे. आणि अशा काटेरी, निष्पर्ण जाळीवर मार्चमध्ये विटकरी लाल फुलं येतात. राजस्थानात याच्याच फळांचं लोणचं घालतात. आमच्याकडे ते कुंपणाच्या कडेला जळणात जातं.

चैत्रात कडुनिंबाचा मोहोर. पाडव्याला चटणीपुरता आपण तो खुडतो, पण रात्री दहाच्या पुढे गल्लीतून चालत गेलं की त्याचा खरा उपयोग कळतो. दिवसभर तापलेल्या भिंती उष्णता ओकत असतात आणि त्यातून तो कडवट-गोड वास येतो. वैशाखात बहावा. चव्वेचाळीस अंशांत, डांबर मऊ झालेलं असताना, पिवळ्या घोसांनी लदलेलं झाड कुणाच्या पंपाशिवाय उभं असतं. पावसात बाभूळ आणि हिवर. मग गौरी-गणपतीच्या मागेपुढे तरवड.

तरवडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. माळावर, मुरमात, रस्त्याच्या कडेच्या भरावात, जिथे काही येणार नाही तिथे हे कमरेएवढं झुडूप येतं. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. चांभाराला त्याच्या सालीने कातडं कमवता येत असे. फुलं हळदीच्या रंगाची, झुपक्याने येणारी, आणि पाऊस संपून गवत पिवळं पडलं तरी फुलत राहणारी. मराठी घरांतून त्याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती आमच्या तेलुगू विणकर पेठांत. गिरण्या आणि माग यांच्या मागोमाग तेलंगणातून इथे आलेल्या पद्मशाली घरांतल्या बाया भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा मांडतात. कुरडू, तरवड, झेंडू यांचे थरावर थर रचलेला तो फुलांचा डोंगर, त्याभोवती फेर, शेवटी तळ्यात विसर्जन. कुरडू म्हणजे शेतातलं तण आणि तरवड म्हणजे माळावरचं झुडूप. देवीला फुलं कुठली, तर न शिंपता येणारी. तेलंगणाने २०१४ मध्ये राज्य झाल्यावर राज्यफूल निवडलं तेही तरवडच, त्यांच्या भाषेतला तंगेडू. आम्ही मात्र शहरातल्या रस्ता दुभाजकात अशी झाडं लावतो ज्यांना दर सकाळी टँकरने पाणी पाजावं लागतं. भरधाव रस्त्यात टँकर उभा, मागे वाहनं तुंबलेली, आणि वर पाटी: पाणी वाचवा.

देशी-परदेशी असा झेंडा मला नाचवायचा नाही. गुलमोहर मादागास्करचा आहे, नीलमोहोर दक्षिण अमेरिकेचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. पण शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि शेंगाचटणीशिवाय सोलापूरकराचं पान पुरं होत नाही. बोगनवेल ब्राझीलकडची असली तरी कमी पाण्यात ती बारा महिने तोरणासारखी मिरवते, तिच्या वाटेला मी जाणार नाही. उलट नुसतं पाणी कमी लागतं म्हणून झाड चांगलं, असंही नाही. वेडी बाभूळ अमेरिकेतून आली, तिला पाण्याचा थेंब घालावा लागत नाही आणि तिने ओढ्याकाठचं सगळं रान गिळलं. तेव्हा झाडाला मी दोनच गोष्टी विचारते: तू पिणार किती, आणि खाऊ कुणाला घालणार? रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते, तिला तो विषारी चीक पचतो आणि त्या चिकाच्या जोरावर पुढे तिचं फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं. बहाव्यावर, तरवडावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. बोराला पौषात फळं येतात ती सुगडात भरायला आपल्याला आणि उरलेली पाखरांना. आता त्या मऊ लॉनवर कोण येतं ते एकदा बघा. कावळा, आणि तोही पाणी प्यायला.

हल्ली एक दुसरी टूम निघाली आहे. पाणी वाचवायचं म्हणून अंगणभर पांढरे गोटे ओततात, मध्ये तीन मेक्सिकन घायपात आणि एक कुंडीतला निवडुंग. काही ठिकाणी तर चक्क प्लॅस्टिकची लॉन. गोटे दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब घराच्या भिंतीला देतात, मग आत एसी लागतो. ही फॅशन अमेरिकेच्या वाळवंटी शहरांतल्या फोटोंवरून आली. पण तिथल्या लोकांनी नेमकं काय केलं ते फोटोबरोबर आलं नाही. १९८१ साली डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने दुष्काळानंतर झेरिस्केप नावाची पद्धत मांडली. तिच्यात माती सुधारणं, सारखीच तहान असलेली झाडं एकत्र लावणं, आच्छादन, गवत लागेल तेवढंच, असा सगळा शेतकरी विचार होता. गोट्यांचा उल्लेख असलाच तर कडेला. लास वेगासमध्ये गवत काढणाऱ्या घरमालकांना पाणी खातं वर्षानुवर्षं पैसे देत आलं, आणि २०२१ साली नेवाडा राज्याने कायदाच केला: नुसत्या शोभेच्या, पायही न लागणाऱ्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२७ पासून द्यायचं नाही. घरगुती अंगणं त्यातून वगळली, पण रस्त्याकडेचं, कचेऱ्यांसमोरचं गवत गेलं. जुगाराच्या अड्ड्यांचं शहर आहे ते. तिथेही कुणाला तरी हिशेब करावासा वाटला.

आम्हाला डेन्व्हरला जायची गरज नव्हती. १९३३ साली सोलापुरातच कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. पडेल तो पाऊस जमिनीत कसा मुरवायचा आणि मुरलेला कसा टिकवायचा, याच एका प्रश्नावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. उताराला आडवे बांध घालायचे. रब्बीच्या ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याला कोळपं चालवायचं, म्हणजे काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात आणि आतली ओल आतच राहते. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आण्णा म्हणतात. मंगळवेढ्याची मालदांडी दिवाळीनंतर आभाळातून थेंब न पडता पोटऱ्यात येते, निसवते, हुरड्याला तयार होते, ती याच ओलीवर. एवढं ज्ञान शहराच्या वेशीवर उभं आहे. ते वेशीच्या आत आलं नाही, कारण शेती अडाण्याची आणि बाग शिकलेल्याची, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं.

शेतातलं अंगणात आणायला फार काही लागत नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आमच्याकडे वर्षाला पन्नास हजार लिटर पाऊस पडतो, तो गटारात जाण्याऐवजी अंगणात वळवला आणि वीतभर उंच बांध घालून तिथेच थोपवला, तर निम्मं काम झालं. दुसरं, पालापाचोळा. आमच्या गल्लीत रोज सकाळी कडुनिंबाची पानं झाडून ढीग करून पेटवतात. धुराने डोळे चुरचुरत असताना तेच लोक रोपवाटिकेतून नारळाच्या भुश्शाच्या विटा विकत आणतात, ओल टिकावी म्हणून. पानं आळ्यात पसरली असती तर वीटही वाचली असती आणि धूरही. तिसरं, मडकं. बिनभाजल्यासारखं कच्चट, पाझरणारं मडकं झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं. ते झाडाला हवं तेवढंच देतं.

आता अडचणी. देशी झाड लावलं की पाणी अजिबात नको, असं सांगणारा खोटं बोलतो. पहिले दोन उन्हाळे त्यालाही आठवड्याला एक-दोन घागरी लागतातच, कारण ते आधी खाली वाढतं, मग वर. वर्षभर ते हातभरच दिसतं आणि शेजारी विचारतात, "लागलं नाही वाटतं?" काटे असतात, लहान मुलं असलेल्या घरात बोर-बाभूळ दारापासून लांबच बरी. गवत वाढलं की सापाची भीती निघते, तेव्हा पायवाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फेब्रुवारी ते जून ही बाग हिरवी नसते. पळस निष्पर्ण, हरळी वाळलेली, तरवडाच्या शेंगा खुळखुळत असलेल्या. सोसायटीच्या सभेत हे कुणाच्या गळी उतरत नाही. "मेलेलं दिसतं हो," असं म्हणतात.

त्यांना मला नान्नजला न्यावंसं वाटतं. शहरापासून वीसेक किलोमीटरवर माळढोकासाठी राखलेला माळ आहे, १९७९ पासून. दिवाळीनंतर तिथे कुसळी आणि पवन्या पिकतात आणि उतरत्या उन्हात सगळा माळ जुन्या सोन्याच्या रंगाचा होतो. धाविक त्यातून तुरूतुरू पळतो, चंडोल उभा वर चढतो आणि गात गात खाली येतो, नशीब असेल तर लांडगा दिसतो. माळढोक मात्र आता दिसायचा नाही म्हणून समजा. त्याच्या जाण्याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक आपल्या नजरेचं आहे: सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की हिरवं करावंसं वाटतं, मग वृक्षारोपणाच्या नावाखाली ठिकठिकाणच्या माळांवर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात, आणि गवतावर जगणारा पक्षी बेघर होतो. पिवळा रंग मेल्याचा असतो, हे आपण कुठे शिकलो? पिकलेल्या ज्वारीच्या रानाला तर आपण मेलं म्हणत नाही.

तरवड तुमच्या रोपवाटिकेत मिळणार नाही, मागून बघा. तो विकायची वस्तू आहे असं अजून कुणाला वाटलेलं नाही. त्याचं बी रस्त्याकडेला फुकट आहे. हिवाळ्यात शेंगा तपकिरी होऊन वाजायला लागल्या की मूठभर तोडा, कागदाच्या पुडीत ठेवा. बियांचं टरफल टणक असतं, म्हणून पेरायच्या आदल्या रात्री कढत पाण्यात टाकून तसंच राहू द्या. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका, आमच्या भागात जुलैत हमखास उघडीप पडते आणि खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. जमीन वीतभर खोल ओली झाली की बी टोचा, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस त्याला जागेवर सापडेल. सोबत एखादी शमी लावा, जागा असेल तर बहावा. आणि लॉनची मोटार एवढा एक उन्हाळा बंद ठेवून बघा.